जुन्या मोटारीची टेन्शनर पुली : कधी आणि कशी बदलावी

बारा-पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारीचे इंजिन सकाळी पहिल्यांदा सुरू केले की बॉनेटखालून एक बारीक घरघर ऐकू येते आणि इंजिन तापल्यावर ती विरून जाते. बहुतेक मालक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. गाडी चालते आहे, सरासरीही ठीक आहे, मग गॅरेजची पायरी कशाला चढायची, असा त्यांचा हिशेब असतो. काही महिन्यांनी ती घरघर दिवसभर सोबत करू लागते. अशा वेळी ज्या भागावर प्रथम संशय घ्यावा तो तळहाताएवढाही नसतो. पट्टा ताणून धरणारी ती चकती म्हणजे टेन्शनर पुली.

हा भाग स्वतः काहीच चालवत नाही. तो वीज निर्माण करत नाही, पाणी खेळवत नाही, की इंधन जाळत नाही. पट्ट्याच्या पाठीवर टेकून राहणे आणि त्याला सैल पडू न देणे एवढेच त्याचे काम. पण पट्टा सैल पडला किंवा पुली जागेवर अडकली तर जे पट्ट्यावर अवलंबून आहे ते सारे थांबते. आणि काही इंजिनांत ते नुसते थांबत नाही, तर आतून मोडते.

पट्टे दोन, धोके वेगळे

मोटारीच्या इंजिनावर साधारणपणे दोन प्रकारचे पट्टे असतात आणि दोन्हींवर ताण देणाऱ्या पुल्या असू शकतात. गॅरेजमध्ये 'बेल्टची पुली गेली' एवढेच सांगितले जाते तेव्हा कोणत्या पट्ट्याची, हा प्रश्न मालकाने पहिल्यांदा विचारायला हवा.

बाहेरून दिसणारा पट्टा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप फिरवतो. यालाच आपल्याकडे सरसकट फॅन बेल्ट म्हणतात. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या आजच्या मोटारींत पंखा विजेवर चालत असला तरी नाव जुनेच टिकले आहे. हा पट्टा सुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप त्यावर असेल तर चाक एकाएकी जड होते. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असेल तर काही मिनिटांत इंजिन तापते. घाटात वळणावर असताना स्टिअरिंग जड होणे ही गोष्ट किरकोळ नव्हे. तरीही गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद केले तर यंत्राचे मोठे नुकसान टळते.

दुसरा पट्टा झाकणाआड असतो. तो दात असलेला टायमिंग बेल्ट. क्रँकशाफ्ट दोनदा फिरेल तेव्हा कॅमशाफ्ट बरोबर एकदा फिरावा आणि पिस्टनच्या हालचालीशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळावी, याची जबाबदारी त्याच्यावर असते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. ज्या इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येऊ शकतात तेथे पट्टा तुटताच किंवा काही दात घसरताच दोघांची टक्कर होते. व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला भोक पडते, हेड उतरवावे लागते. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा ठेवलेली असते; तेथे इंजिन नुसते बंद पडते आणि नवा पट्टा चढवला की पुन्हा चालू लागते. आपले इंजिन यांपैकी कोणते हे एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीच्या अनुभवावर विसंबू नये. त्या इंजिनाचे वर्कशॉप मॅन्युअलच पाहावे.

जुन्या फिआट किंवा अॅम्बॅसॅडरच्या मालकांना या साऱ्याची चिंता नव्हती. त्या इंजिनांत कॅमशाफ्ट साखळीवर फिरत असे आणि बाहेरच्या पट्ट्याला वेगळी टेन्शनर पुलीच नसे. डायनॅमो त्याच्या बोल्टवर सरकवायचा, अंगठ्याने पट्टा दाबून पाहायचा आणि बोल्ट आवळायचा. टायमिंगसाठी दातेरी रबरी पट्टा वापरण्याची कल्पना मोटारीत आणण्याचा मान जर्मनीतील ग्लास कंपनीच्या १००४ या गाडीकडे जातो. तो काळ १९६२ च्या सुमाराचा. पट्टा साखळीपेक्षा हलका आणि कमी आवाजाचा, त्याला तेलाची गरज नाही, खर्चही कमी. हे फायदे पाहून पुढील दोन दशकांत जगभरच्या लहान गाड्यांनी तो स्वीकारला. आपल्याकडे १९९३ ते २००६ या काळात आलेली मारुती झेन आणि १९९४ ते २००७ या काळातील एस्टीम या दोन्हींच्या पेट्रोल इंजिनांत हाच पट्टा होता. त्यांतल्या कित्येक गाड्या पुनर्नोंदणी करून आजही रस्त्यावर आहेत.

पुली का झिजते

पुलीचा कणा म्हणजे आतले बेअरिंग. बाहेरच्या पुल्यांत पुष्कळदा ६२०३ क्रमांकाचे बेअरिंग असते : भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२. ते कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेले असते आणि पुन्हा ग्रीस भरण्याची सोय त्यात नसते. ग्रीस संपेल तेव्हा त्याचे आयुष्य संपले.

ते किती फिरते याचा अंदाज घेतला तर त्याच्याविषयी आदर वाटू लागेल. शहरातल्या रहदारीत ताशी सरासरी ३० किलोमीटर वेग धरला तर एक लाख किलोमीटर म्हणजे सुमारे ३,३०० तास. या काळात इंजिनाचा सरासरी वेग मिनिटाला २,००० फेरे मानला, आणि क्रँकच्या पुलीपेक्षा टेन्शनरची पुली निम्म्या व्यासाची असल्याने दुप्पट फिरते हे ध्यानात घेतले, तर तिचे एकूण फेरे ८० कोटींच्या घरात जातात. सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीतही पुली फिरतच असते. म्हणूनच मुंबई-पुण्यासारख्या शहरांत केवळ किलोमीटरच्या आकड्यावर जाणे फसवे ठरते. ४० हजार किलोमीटर चाललेली शहरातली गाडी तासांच्या हिशेबात महामार्गावरच्या ८० हजार किलोमीटरच्या गाडीइतकी किंवा तिच्याहून अधिक वापरलेली असू शकते.

नैसर्गिक झिजेखेरीज या बेअरिंगचे शत्रू अनेक. पहिला शत्रू पाणी. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावरून गाडी नेली की खालच्या पुल्यांवर चिखलपाण्याचा मारा होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या वेळी मुंबईतील असंख्य मोटारी तासन्‌तास पाण्याखाली होत्या. अशा गाडीच्या बंद बेअरिंगमध्ये शिरलेले पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही. ते ग्रीसमध्ये मिसळते आणि गोळ्या गंजू लागतात. गाडी सुकवून सुरू झाली म्हणजे सुटलो, असे समजण्यात अर्थ नसतो.

दुसरा शत्रू आपली स्वच्छतेची हौस. इंजिनावर डिझेल किंवा रॉकेल फवारून नंतर दाबाच्या पाण्याने धुण्याची पद्धत अनेक ठिकाणी अजून आहे. इंजिन चकचकीत दिसते खरे, पण डिझेल बेअरिंगच्या कडेने आत गेले की ग्रीस पातळ होऊन निघून जाते, आणि रबरी पट्ट्यालाही ते मानवत नाही. हा प्रकार बंद व्हावा असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

तिसरे कारण मानवी हाताचे. 'घट्ट असला म्हणजे बरा' या समजुतीने पट्टा प्रमाणाबाहेर ताणला जातो. बेअरिंगचे आयुष्य त्याच्यावरील भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, असे अभियांत्रिकीचे गणित सांगते. म्हणजे ताण दुप्पट केला तर आयुष्य निम्मे होत नाही, एक-अष्टमांश होते. पट्टा चिंचिं करतो म्हणून दर सहा महिन्यांनी तो आवळत राहणारा मेकॅनिक प्रत्यक्षात पुलीचे, अल्टरनेटरचे आणि पाण्याच्या पंपाचे अशी तिन्ही बेअरिंगे एकदम संपवत असतो.

आवाजाची पारख

आवाज ऐकून निदान करणे ही जुन्या मिस्त्रींची खासियत, पण तिचा प्राथमिक भाग कोणालाही शिकता येतो. पावसाळी सकाळी इंजिन सुरू करताच किंवा एसी लावताच येणारी किंकाळी ही बहुधा पट्टा घसरल्याची खूण असते. सलग घरघर किंवा कोरडी सरसर, जी अॅक्सिलरेटरबरोबर वाढते पण गाडी न्यूट्रलवर उतारावरून जाताना चाकांच्या वेगाबरोबर वाढत नाही, ती बेअरिंगची. (ही परीक्षा प्रत्यक्ष उतारावर करण्याची गरज नाही, गाडी जागीच उभी करून इंजिनाचा वेग वाढवला तरी फरक कळतो.) ठकठक किंवा खडखड येत असेल तर स्प्रिंगवर चालणाऱ्या टेन्शनरचा दांडा सैल झाला असण्याची शक्यता असते.

नव्या पद्धतीच्या, आतून लांबट खाचा असलेल्या रुंद पट्ट्यावर एक सोपी चाचणी करता येते. इंजिन सुरू असताना, हात आणि कपडे दूर ठेवून, पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर स्वच्छ पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत असे समजावे; आवाज वाढला तर ताण कमी पडतो आहे. पट्ट्यावर साबण चोळणे किंवा आवाज बंद करणारा चिकट फवारा मारणे हे मात्र दुखण्यावर पांघरूण घालण्यासारखे आहे.

खरी तपासणी इंजिन बंद करून, थंड झाल्यावर आणि पट्टा काढूनच होते. पुलीला बोटाने फिरवावे. चांगली पुली किंचित जडपणे, आवाज न करता फिरते आणि लवकर थांबते. अनेकांची समजूत याच्या उलट असते. भोवऱ्यासारखी गरगर फिरत राहिलेली पुली पाहून ते खूश होतात. प्रत्यक्षात तशी पुली ग्रीस संपल्याचे सांगत असते. कडेला दोन बोटांनी धरून हलवल्यास ती डुगडुगता कामा नये. फिरवताना खडे लागल्यासारखे वाटणे, भोवती तांबूस भुकटी किंवा ग्रीसचे शिंतोडे दिसणे, प्लॅस्टिकच्या पुलीवर पट्ट्याने चर पाडलेला असणे किंवा पट्ट्याची एकच कड झिजून धागे निघणे, यांपैकी एक जरी आढळले तरी पुली बदलावी. नव्या प्रकारच्या रबराच्या पट्ट्यांवर तडे फार उशिरा पडतात. त्यांची झीज खाचा खोल होण्यात दिसते. त्यामुळे 'तडे नाहीत म्हणजे पट्टा ठणठणीत' हा जुना नियम आता पुरेसा नाही.

टायमिंग बेल्टच्या बाबतीत मात्र आवाजाची वाट पाहू नये. झाकणाआड असल्याने तो पुष्कळदा सूचना न देता जातो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते पाळावे. काही गाड्यांत, उदाहरणार्थ जुन्या डिझेल इनोव्हात, मुदत भरल्यावर डॅशबोर्डवर टी-बेल्ट असा दिवा लागतो. तो किलोमीटर मोजून लागतो, पट्ट्याची अवस्था पाहून नव्हे. जुनी गाडी विकत घेताना पट्टा बदलल्याचा लेखी पुरावा मिळाला नाही, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे.

काय विकत घ्यावे

मुंबईत ऑपेरा हाऊस आणि पुण्यात नाना पेठ ही सुट्या भागांची जुनी ठिकाणे. तेथे एकाच पुलीचे तीन-चार प्रकार समोर येतात आणि किमतीतला फरक मोहात पाडणारा असतो. बाहेरच्या पट्ट्याची साधी, धातूची पुली असेल तर नुसते बेअरिंग काढून नवे बसवण्याची काटकसर करायला हरकत नाही. चिंचवडला कारखाना असलेल्या एसकेएफसारख्या किंवा एनटीएन, कोयो अशा नावाजलेल्या कंपनीचे, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले बेअरिंग घ्यावे. नुसत्या पत्र्याचे झाकण असलेले पावसापाण्यात टिकत नाही. ते बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच यायला हवा. आतल्या कड्यावर हातोडी मारून बसवलेले बेअरिंग पहिल्या दिवसापासून जखमी असते.

टायमिंगच्या टेन्शनरवर ही काटकसर करू नये. तो अख्खा, नव्या पट्ट्यासह आणि स्प्रिंगसह बदलावा. ज्या इंजिनात पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो तेथे पंपही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे. कारण मजुरीचा मोठा भाग झाकण उघडून बंद करण्याचाच असतो. झेन व एस्टीममध्ये पंप बाहेरच्या पट्ट्यावर असल्याने तेवढा खर्च वाचतो.

प्रत्यक्ष काम

बाहेरच्या पट्ट्याची पुली हौशी मालकालाही बदलता येते. इंजिन रात्रभर थंड होऊ द्यावे आणि बॅटरीची ऋण बाजू सोडावी. पट्टा कोणत्या पुलीवरून कसा गेला आहे याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर लांब पान्याने त्याचा दांडा मागे ओढून पट्टा उतरवतात. तो दांडा एकदम सोडू नये, बोटे सापडतात. पुलीचा मधला बोल्ट सोडवताना आटे सरळ आहेत की उलटे हे पाहावे. काही गाड्यांत ते उलटे असतात, आणि जोर लावून बोल्ट तोडल्यावर ते कळून उपयोग नसतो. नवी पुली बसवल्यावर सर्व पुल्या एका रेषेत आल्याची खात्री एखादी सरळ पट्टी टेकवून करून घ्यावी.

टायमिंगच्या टेन्शनरचे काम अनुभवी हातांकडेच द्यावे. तरीही त्याचे टप्पे मालकाला ठाऊक असले तर गॅरेजमध्ये योग्य प्रश्न विचारता येतात. झेन-एस्टीमच्या इंजिनावर ते साधारण असे होते. ज्या बाजूला पट्टे आहेत तिकडचे पुढचे चाक काढून गाडी पक्क्या स्टँडवर घेतात; केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही हात घालू नये. पाण्याच्या पंपाच्या पुलीचे बोल्ट फॅन बेल्ट ताणलेला असतानाच सैल करतात, नाहीतर पुली हातात फिरत राहते. बाहेरचे पट्टे, पुल्या आणि झाकण निघाले की क्रँक पान्याने हळूहळू फिरवून खुणा जुळवायच्या. क्रँकच्या दातेरी चक्रावरची टिंबाची खूण तेलपंपाच्या अंगावरील बाणासमोर आणि कॅमच्या चक्रावरची खूण वरच्या नेमलेल्या खाचेसमोर यायला हवी. या खुणा जुळल्याशिवाय पट्ट्याला हात लावायचा नाही, आणि पट्टा निघाल्यावर कोणतेही चक्र उगाच फिरवायचे नाही.

जुना टेन्शनर, त्याच्या मागची पत्री आणि स्प्रिंग काढल्यावर कॅम व क्रँकच्या ऑइल सीलकडे बारकाईने पाहावे. तेथे तेलाचा ओलावा असेल तर सील आताच बदलावे. तेलात भिजलेला नवा पट्टा फार काळ जगत नाही. नवा टेन्शनर बसवताना पत्रीवरचे बोंड त्याच्या छिद्रात नीट बसले पाहिजे आणि पत्री हलवली की टेन्शनरही तिच्याबरोबर हलला पाहिजे. तो हलत नसेल तर बोंड चुकले आहे आणि पुढचा सारा ताण खोटा ठरणार आहे.

पट्टा चढवताना क्रँक आणि कॅम यांच्यामधली ओढणारी बाजू ताठ ठेवतात आणि सगळी ढील टेन्शनरकडे येऊ देतात. बोल्ट अजून सैलच असतात. आता क्रँक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवायची, म्हणजे स्प्रिंग स्वतःच योग्य ताण देते. ती हाताने अधिक दाबायची नसते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांमुळे कॅम मध्येच उसळी घेतो आणि ताण चुकतो, म्हणून आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात त्याआधी टॅपेटचे स्क्रू सैल करण्याची सूचना आहे. घाईत हाच टप्पा वगळला जातो. त्यानंतर टेन्शनरचे बोल्ट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळायचे, खुणा पुन्हा तपासायच्या आणि टॅपेटचे अंतर परत लावायचे. खूण एका दाताने जरी सरकलेली दिसली तरी सगळे खोलून पुन्हा सुरुवात करावी. 'एका दाताने काय होते' असे म्हणणाऱ्या मेकॅनिककडून गाडी उचलावी हे बरे. आणि खुणा तपासण्यासाठी इंजिन कधीही स्टार्टरने फिरवू नये. चूक असेल तर ती हाताला आधी जाणवते, स्टार्टरला जाणवत नाही.

हायड्रॉलिक टेन्शनर असलेल्या गाड्यांत रीत निराळी. दट्ट्या व्हाइसमध्ये अगदी सावकाश दाबून त्यात पिन अडकवतात आणि पट्टा पूर्ण बसल्यावरच ती पिन ओढतात. मधोमध अॅलन-कीने फिरणारा टेन्शनर असेल तर दर्शक काटा खाचेसमोर आणावा लागतो; तो कोणत्या दिशेने फिरवायचा हेही ठरलेले असते. उलट दिशेने फिरवूनही काटा जुळतो, परंतु टेन्शनर काही दिवसांत सैल पडतो.

काम झाल्यावर पहिली पाच मिनिटे झाकण लावून पण बॉनेट उघडे ठेवून इंजिन ऐकावे. नव्या पट्ट्याची गुणगुण चालेल, शिट्टी चालणार नाही. शिट्टी म्हणजे ताण जास्त झाला. बदललेले जुने भाग खोक्यासकट मागून घ्यावेत, म्हणजे नवे भाग खरोखर बसले याची खात्री पटते. टायमिंगच्या झाकणावर तारीख आणि किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी डकवावी, आणि तीच नोंद बिलासह गाडीच्या पुस्तिकेत ठेवावी. पुढच्या खेपेस गाडी दुसऱ्याच गॅरेजमध्ये असेल, कदाचित दुसऱ्याच मालकाची असेल, तेव्हा ती चिठ्ठी वाचूनच निर्णय होईल.